अमोनिया जातो कुठे?

या खेपेला आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. काचेच्या टाकीत गोल्डफिश पाळणारे, खाडीकाठी कोळंबी करणारे, अंगणात बायोफ्लॉकची टाकी बसवणारे, सगळ्यांना अमोनिया घालवायचा आहे आणि त्यासाठी कुठली बाटली आणावी हे विचारायचं आहे. पत्रं थोडी आखडली आहेत. नावं गाळून गाव तेवढं ठेवलं आहे.

* * *

मॅडम, चाळीस लिटरची टाकी आणली. दुकानदाराच्या सांगण्यावरून पाणी दोन दिवस मुरवलं, फिल्टर लावला आणि आठ गोल्डफिश सोडले. पाणी अगदी नितळ होतं. आठवडाभरानं मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले आणि पंधरा दिवसांत सगळे मेले. दुकानदार म्हणतो, 'जिवाणूंची बाटली घेतली असती तर वाचले असते.' हे खरं का? — कोथरूड, पुणे

टाकीत जिवाणू नव्हते, एवढं त्याचं बरोबर आहे. बाटलीनं मासे वाचलेच असते, असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगू नये. शिवाय चाळीस लिटरमध्ये आठ गोल्डफिश हे गणितच चुकीचं होतं, आणि ते मासे विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं.

मासा खाद्यातली प्रथिनं खातो. त्यातला जो नायट्रोजन अंगी लागत नाही, तो मुख्यतः अमोनिया होऊन कल्ल्यांतून बाहेर पडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजते, त्याची आणखी भर पडते. पाण्यात विरघळलेला अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाणी नितळ आहे यावरून काहीच ठरत नाही. जुन्या, रुळलेल्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात सूक्ष्मजीवांचे दोन गट वस्तीला असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्यामानानं बरंच सौम्य असतं. ते पाणी बदलून काढता येतं किंवा पाणवनस्पती शोषून घेतात. तुमच्या नव्या टाकीत हे दोन्ही गट जवळजवळ नव्हतेच. अमोनिया साठत गेला आणि मासे त्यात गुदमरले.

हे गट उशिरा का जमतात? कारण त्यांचा निर्वाह फार काटकसरीचा आहे. साखर किंवा प्रथिनं फोडून जगणारे जिवाणू सोयीची परिस्थिती मिळाली की अर्ध्या तासात दुप्पट होतात. हे मात्र अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून निघणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर घडवतात. दुप्पट व्हायला त्यांना उत्तम परिस्थितीतही आठ-दहा तास लागतात, बहुधा दिवस-दोन दिवस. त्यात दुसऱ्या गटाला पहिल्यानं नायट्राइट तयार केल्याशिवाय खायलाच मिळत नाही. म्हणून नवी टाकी रुळायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे पाळणारे याला टाकी 'सायकल करणं' म्हणतात.

ही वाट पाहणं नवीन नाही. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोघांनी वाळू आणि चुनखडीनं भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी संथपणे झिरपवत ठेवलं. पहिले वीस दिवस अमोनिया जसा आत गेला तसाच बाहेर आला. मग एकाएकी नायट्रेट यायला लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर ते थांबलं. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावर थोड्या मातीचं पाणी ओतलं, तेव्हा पुन्हा सुरू झालं. हे काम रसायनाचं नसून जिवंत कुणाचं तरी आहे, हे तिथे सिद्ध झालं. ते 'कुणीतरी' वेगळं काढायला आणखी तेरा वर्षं लागली. १८९० च्या सुमारास झ्युरिकमध्ये सर्गेई विनोग्राडस्कीनं सेंद्रिय अन्नाचा कणही नसलेल्या माध्यमात हे जिवाणू वाढवले. त्याआधीच्या लोकांना ते मिळाले नाहीत, कारण ते लोक जिलेटिनवर, म्हणजे दुसऱ्याच जिवाणूंच्या आवडत्या जेवणावर, त्यांना वाढवू पाहत होते.

आता बाटली. हे जिवाणू बीजाणू करत नाहीत, म्हणजे वाईट दिवस काढायला कवचात शिरत नाहीत. त्यामुळे 'वर्षानुवर्षं टिकणारी कोरडी पावडर' दिसली की मी तरी ती परत ठेवते. द्रवरूपातली, थंड जागी ठेवलेली, मुदत न संपलेली बाटली काही वेळा उपयोगी पडते. आणखी एक गंमत अशी की पूर्वी अशा बाटल्यांवर नायट्रोबॅक्टरचं नाव हमखास असायचं. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसरी पायरी पार पाडणारा नायट्रोबॅक्टर नव्हेच, तो नायट्रोस्पायरा आहे. पहिल्या पायरीचीही तीच कथा. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या मंडळींनी २०११ मध्ये मासे पाळायच्या टाक्यांचे फिल्टर तपासले. गोड्या पाण्याच्या बहुतेक टाक्यांत अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंपेक्षा आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातले सूक्ष्मजीव संख्येनं वरचढ निघाले. म्हणजे कित्येक वर्षं लोकांनी पैसे मोजून टाकीत न रमणारे पाहुणे आणले.

तुम्ही असं करा. ओळखीत कुणाची वर्षभर नीट चाललेली टाकी असेल तर तिच्या फिल्टरचा एक वापरलेला स्पंज मागून आणा. तो ओला ठेवूनच आणा आणि त्याच दिवशी तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. यासारखी बाटली नाही, आणि ती फुकट आहे. मासे सोडायच्या आधी रोज चिमूटभर खाद्य टाकीत टाकत राहा, अमोनिया-नायट्राइटच्या चाचणीचा संच घ्या, आणि दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा आणू नका. आणाल तेव्हा दोन आणा, आठ नकोत.

* * *

दर रविवारी फिल्टर नळाखाली अगदी घासून धुतो, तरी सोमवारी-मंगळवारी मासे सुस्त. असं का? — डोंबिवली

'तरी' नाही, 'म्हणूनच'. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळा, बस्स. तोही पाण्याचा झोत मंदावला तरच. रविवारचा उत्साह काच पुसण्यात घालवा.

* * *

ताई, मी सहावीत आहे. मासे शू करतात का? आमच्या बाईंनी उत्तर दिलं नाही. — सातारा

करतात, आणि प्रश्न चांगला आहे. पण शरीरातला टाकाऊ नायट्रोजन बाहेर टाकण्यासाठी गोड्या पाण्यातल्या माशाला शूची फारशी गरज पडत नाही. त्याची शू म्हणजे मुख्यतः अंगात सतत शिरणारं जास्तीचं पाणी बाहेर काढायची सोय. अमोनिया तो कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडतो, कारण चहूकडे भरपूर पाणी असतं आणि अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. तू-मी जमिनीवर राहतो. आपण अमोनिया तसाच अंगात साठवला तर तो मेंदूला बाधेल. म्हणून आपलं यकृत त्याचं युरिया बनवतं. त्यात थोडी ताकद खर्च होते, पण विष सौम्य होतं. बेडकाची गंमत बघ. बेडूकमासा असताना तो मुख्यतः अमोनिया सोडतो आणि जमिनीवर आला की युरियाकडे वळतो. हे बाईंनाही सांग.

* * *

व्हॅनामेईचं तळं, पाऊण हेक्टर. सकाळी सहाला पीएच ७.८, दुपारी चारला ८.९. एकूण अमोनिया दोन्ही वेळा १ पीपीएम. सकाळी कोळंबी नीट खाते, पण दुपारच्या चेक ट्रेमध्ये खाद्य तसंच पडलेलं असतं. लॅबवाले म्हणतात, एक पीपीएम चालतं. झिओलाइट टाकलं, प्रोबायोटिक टाकलं. पुढे काय करू? — पालघर

लॅबवाल्यांनी आकडा बरोबर सांगितला, पण त्याच्या शेजारचा पीएच पाहिला नाही. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एकावर विद्युतभार असतो, त्याला अमोनियम म्हणतात. ते कल्ल्यांच्या त्वचेतून सहजी आत शिरत नाही. दुसऱ्यावर भार नसतो आणि ते मोकळेपणी आत जातं. विष आहे ते हेच. कुठलं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. ३० अंश तापमानाला गोड्या पाण्याच्या कोष्टकानं पाहिलं तर पीएच ७.८ ला एकूण अमोनियापैकी साधारण ५ टक्केच भारहीन असतो. ८.९ ला तोच ३५ ते ४० टक्क्यांवर जातो. निमखाऱ्या पाण्यात आकडे किंचित खाली येतात, इतकंच. म्हणजे चाचणीत तोच एक पीपीएम दिसत असताना दुपारी तुमच्या कोळंबीभोवती सकाळच्या सात-आठ पट विष आहे. ती जेवत नाही यात नवल नाही.

पीएच दुपारी चढतो तो हिरव्या पाण्यामुळे. ऊन आलं की सूक्ष्म वनस्पती कार्बन डायऑक्साइड खेचून घेतात. रात्री तोच परत सोडतात आणि पहाटे पीएच उतरतो. अल्कलिनिटी चांगली असेल तर ही चढउतार आवरली जाते. ती किती आहे हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि मला संशय तिचाच आहे. नायट्रिफिकेशन, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट, करणारे जिवाणू अल्कलिनिटी खातात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन नायट्रेटपर्यंत नेताना सुमारे ७ ग्रॅम खर्च होते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबानं. ऑक्सिजनही साडेचार ग्रॅमच्या वर लागतो. म्हणजे हंगाम जसा पुढे सरकतो आणि खाद्य वाढतं, तसा पाण्याचा आधार कमी होत जातो.

खाद्याचा हिशेब एकदा मांडून बघा. ३५ टक्के प्रथिनाच्या १०० किलो खाद्यात ५.६ किलो नायट्रोजन असतो. त्यातला पाव, फार तर तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो. उरलेला चार किलोच्या आसपासचा नायट्रोजन तळ्यातच राहतो. उघड्या तळ्यात त्यातला मोठा भाग जिवाणू नाही, हिरवं पाणीच उचलतं. शिवाय नायट्रिफिकेशनच्या जिवाणूंना ऊन मानवत नाही आणि तळाच्या काळ्या गाळात त्यांना ऑक्सिजन मिळत नाही. त्यामुळे अमोनिया सध्या एक पीपीएमवर टिकून आहे तो हिरव्या पाण्याच्या कृपेनं. दोन-तीन दिवस दाट ढग आले आणि हा हिरवा ब्लूम कोसळला, की हाच आकडा उसळी घेईल. त्या दिवसांत खाद्य आधीच निम्म्यावर आणा, आकडा वाढायची वाट पाहू नका.

आज करायचं ते असं. दुपारचं खाद्य कमी करून तो वाटा सकाळी उन्हं वर आल्यावर द्या. चेक ट्रे रिकामा होईल तेवढंच द्या. दुपारीही एअरेटर चालवा, म्हणजे वरचं-खालचं पाणी एकत्र होईल. अल्कलिनिटी १०० च्या खाली असेल तर खाण्याचा सोडा किंवा डोलोमाइट थोडं थोडं, दोन-तीन दिवसांत विभागून टाका. विरी गेलेला चुना टाकू नका. तो पीएच आणखी चढवतो आणि तुम्हाला नेमकं तेच नको आहे. अनेक जण ढग आले की चुन्याची पोती आणतात. मला ते पाहून धास्ती वाटते.

झिओलाइटचं सांगते. गोड्या पाण्यात ते अमोनियम पकडतं. निमखाऱ्या पाण्यात सोडियम इतकं असतं की झिओलाइटच्या जागा त्यानंच भरून जातात. तुमच्या तळ्यात ते बहुतांशी महागडी वाळू ठरलं. प्रोबायोटिकच्या पुड्यावर बॅसिलस लिहिलेलं असेल. बॅसिलस गाळातलं सेंद्रिय फोडतो आणि त्याचे काही फायदे आहेत. पण अमोनियाचं नायट्रेट करून देणं हे त्याचं काम नाही. प्रथिनं फोडताना तो उलट अमोनियाच मोकळा करतो.

* * *

दहा हजार लिटरची बायोफ्लॉक टाकी, तिलापिया. रोज गूळ घालतो. अमोनिया शून्य, पण नायट्राइट वाढतंय. दोन मासे मेले, त्यांचे कल्ले चॉकलेटी दिसले. परवा वीज गेली तेव्हा आणखी चाळीस. गूळ वाढवू का? — मोहोळ, जि. सोलापूर

नको. गूळ अमोनियासाठी असतो, नायट्राइटसाठी नव्हे, आणि तोही मोजून घालायचा असतो.

बायोफ्लॉकमध्ये अमोनिया दोन वाटांनी जातो आणि त्यांची गल्लत केली की घोटाळा होतो. एक वाट पहिल्या पत्रात आलेली, नायट्राइट-नायट्रेटची, संथ. दुसरी गुळाची. साखर मिळाली की साधे, भराभर वाढणारे जिवाणू आपलं शरीर घडवायला पाण्यातला अमोनिया उचलतात. गाठोडी दिसतात ती त्यांचीच, आणि तिलापिया ती खातो. इस्रायलच्या योराम अव्हनिमेलेकनं १९९९ मध्ये याचा हिशेब मांडला : एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन बांधायला सुमारे २० ग्रॅम कर्बोदक लागतं. तुमच्या टाकीत अमोनिया २ पीपीएम असता तर तो २० ग्रॅम झाला, म्हणजे गूळ चारशे-साडेचारशे ग्रॅम. तुमच्याकडे अमोनिया शून्य आहे. मग रोजचा गूळ कशासाठी? तो फक्त ऑक्सिजन जाळतोय. व्हिडिओ पाहून 'रोज इतका किलो' घालणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे, की आधी मोजा.

नायट्राइट साठतंय, कारण संथ वाटेवरचा पहिला गट रुजला आणि दुसरा अजून मागे आहे. तो येईल. त्याला ऑक्सिजन, अल्कलिनिटी आणि दोन-तीन आठवडे हवेत. तोवर मासे वाचवायचे. चॉकलेटी कल्ल्यांचं कारण असं की नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनमधलं लोह बदलून टाकतं आणि मग ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासा गुदमरतो. पण नायट्राइट कल्ल्यांतून ज्या दारानं आत येतं, त्याच दारानं क्लोराइडही येतं. क्लोराइड जास्त असेल तर नायट्राइटला आत शिरायला वाव कमी मिळतो. साधं खडेमीठ त्यासाठी पुरतं. दहा हजार लिटरमध्ये पावणेदोन किलोच्या आतबाहेर मीठ विरघळवून घातलं तर क्लोराइड सुमारे १०० पीपीएमनं वाढतं. नायट्राइट-नायट्रोजनच्या दहापट क्लोराइड, हा ढोबळ नियम लक्षात ठेवा. सोबत दोन दिवस खाद्य बंद.

वीज गेल्यावर मेलेले चाळीस मात्र वेगळ्या कारणानं मेले. दाट टाकीत मासे, गाठोडी आणि गूळ, तिघंही ऑक्सिजन ओढत असतात. हवा थांबली की तासाभरातही खेळ संपू शकतो. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, त्यानंतर टाक्या झपाट्यानं बसल्या. इन्व्हर्टर मात्र सगळ्यांनी बसवले नाहीत. तुमच्या भागात भारनियमन असेल तर आधी बॅटरीवर चालणारा एअरपंप घ्या, पुढचं बीज नंतर.

* * *

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. पुस्तकातलं नायट्रोजनचक्र शेंगवर्गीय मुळं, माती आणि हवा यांपुढे जात नाही. असे जिवाणू जलचरांच्या अंगातही राहतात का, की फक्त पाण्यात आणि गाळात? — कोल्हापूर

राहतात, आणि तुमचा प्रश्न या सगळ्या टपालात मला सर्वांत आवडला.

माशापासून सुरू करू. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या रॅडबाउड विद्यापीठात मार्त्ये व्हान केसेल आणि सहकाऱ्यांनी कार्प आणि झेब्राफिश यांच्या कल्ल्यांत अमोनिया खाणारे नायट्रोसोमोनास आणि नायट्रोजन मुक्त करणारे जिवाणू एकत्र नांदताना पाहिले. माशानं टाकलेल्या अमोनियाचा काही भाग पाण्यात मिसळण्याआधी, कल्ल्यातच, नायट्रोजन वायू होऊन जातो, असं त्यांनी २०१६ मध्ये मांडलं. झेब्राफिश मूळची आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतली, आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवली जाते. इतकी वर्षं इतक्या लोकांनी तिचे कल्ले पाहिले आणि त्यातली ही वस्ती कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

याच विद्यापीठाचा त्याआधीचा शोध आणखी मोठा आहे आणि तोही माशांमुळेच लागला. शंभर-सव्वाशे वर्षं सगळे असं धरून होते की अमोनिया ते नायट्रेट हे काम दोन वेगळ्या जिवाणूंनाच वाटून घ्यावं लागतं. २०१५ मध्ये नायमेखनच्या गटानं मत्स्यसंवर्धनाच्या, पाणी फिरवून वापरणाऱ्या यंत्रणेच्या फिल्टरमधून असा नायट्रोस्पायरा शोधला की जो दोन्ही पायऱ्या एकटाच पार करतो. त्याच वेळी व्हिएन्नाच्या गटाला तसाच एक जिवाणू तेलविहिरीच्या गरम पाण्याच्या नळीत मिळाला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'इनोपिनाटा', म्हणजे अनपेक्षित. तुमच्या विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं अजून दोन-पायऱ्यांची असतील, तर ही ओळ हातानं लिहून घ्यायला सांगा. समुद्रातल्या अमोनिया खाणाऱ्या आर्कियाचा पहिला नमुनाही २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून वेगळा काढला गेला. मत्स्यालयाच्या फिल्टरकडे नाक मुरडणाऱ्या सहकाऱ्यांना हे सांगण्यासारखं आहे.

आता उलटी दिशा बघा. वर सांगितलेले सगळे अमोनिया घालवणारे. पण पाण्यात नायट्रोजनसाठी वखवखलेले प्राणीही आहेत. लाकडी होड्या आणि धक्क्याचे खांब पोखरणारा तो लांबोडका, मऊ प्राणी कोकणातल्या कुणालाही ठाऊक असतो. त्याला किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या जातकुळीतला आहे. त्याच्या तोंडाकडचे दोन इवले शिंपले लाकूड किसण्याचं काम करतात. लाकडात सेल्युलोज रगड, नायट्रोजन जवळजवळ नाही. मग हा वाढतो कसा? त्याच्या कल्ल्यांच्या पेशींत एक जिवाणू राहतो. तो सेल्युलोज फोडणारी विकरं बनवतो आणि शिवाय विरघळलेला नायट्रोजन वायू बांधून घेतो, भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतला रायझोबियम करतो तसाच. १९८३ मध्ये वॉटरबरी, कॅलोवे आणि रुथ टर्नर यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्याला टेरेडिनिबॅक्टर टर्नरी हे नाव मिळालं ते या टर्नरबाईंवरून. हार्वर्डमध्ये त्यांनी जन्मभर लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांचाच अभ्यास केला. या जिवाणूंनी बांधलेला नायट्रोजन खरोखर यजमानाच्या अंगात जातो, हे २००७ मध्ये नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचा माग काढून दाखवलं गेलं. तुमच्या वर्गात शेंगवर्गीय मुळांच्या शेजारी हा प्राणी मांडा. खारफुटीतलं पडकं, चाळण झालेलं एक लाकूड आणलंत तर धडा आपोआप शिकवून होईल.

तिसरा नमुना तर दुकानात पाकिटात मिळतो. माशांना घालतात ते लाल 'ब्लडवर्म' म्हणजे चावा न घेणाऱ्या एका डासासारख्या माशीच्या अळ्या. त्या गाळ आणि त्यातले जिवाणू गिळतात. बाहेर पाण्यात ऑक्सिजन, आतड्यात जवळजवळ नाही. अशा जागी गिळलेले जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरायला लागतात. पण या साखळीतलं शेवटचं विकर उशिरा तयार होतं, आणि तोवर मधला पदार्थ, नायट्रस ऑक्साइड, अळीच्या अंगातून बाहेर निसटतो. पीटर स्टीफ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पाण्यातल्या कितीतरी अपृष्ठवंशीयांत हे दाखवलं. पाण्यात नायट्रेट जितकं जास्त, तितकं हे जास्त. खतं वाहून येणाऱ्या ओढ्यात काय होत असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता.

स्पंज आणि प्रवाळांबद्दल थोडक्यात. नॉर्वेच्या फ्योर्डमधल्या एका स्पंजाच्या शरीरात नायट्रिफिकेशन, डिनायट्रिफिकेशन (नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणं) आणि ऑक्सिजनविना अमोनिया जाळणं, या तिन्ही क्रिया एकाच वेळी चालू असलेल्या मोजल्या गेल्या. ज्या भागातून पाणी खेळतं तिथे ऑक्सिजन असतो आणि पाणी थांबलं की आतून तो संपतो, त्यामुळे एकाच प्राण्यात दोन्ही प्रकारच्या जागा मिळतात. कॅरिबियन समुद्रातल्या एका प्रवाळाच्या पेशींत नायट्रोजन बांधणारे सायनोबॅक्टेरिया मिळाले आहेत. प्रात्यक्षिकासाठी मात्र ब्लडवर्मच बरे, स्वस्त आणि कोल्हापुरातच मिळतात.

* * *

पावसाळा सरता सरता आमच्याकडे तळाची मासळी अचानक कमी होते. कॉलेजात सांगितलं की समुद्रात ऑक्सिजन संपतो आणि नायट्रोजन हवेत जातो. हे तळ्यातल्यासारखंच का? — वास्को, गोवा

जिवाणू त्याच स्वभावाचे, फक्त तळं अरबी समुद्राएवढं.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत ऑक्सिजन अतिशय कमी असलेला जाड थर आहे. जगात असे मोठे प्रदेश मोजकेच आहेत. तिथे जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्यातला नायट्रोजन वायुरूपानं समुद्राबाहेर जातो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातलं, कमी ऑक्सिजनचं पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढतं. त्यावर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं, म्हणून वरची हवा खाली पोचत नाही. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तळाशी ऑक्सिजन संपत जातो, शेवटी काही ठिकाणी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही होतो. तळाची मासळी ज्या बाजूला श्वास घेता येईल त्या बाजूला सरकते. तुमच्या जाळ्यात दिसतं ते हेच.

हे मोजण्याचं काम तुमच्या शेजारी, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झालं. वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत ऑक्सिजनचा अभाव तीव्र होतो आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो. जमिनीवरून वाहत येणारी खतं आणि सांडपाणी या भाराचा एक भाग असू शकतात, असंही त्यांनी सुचवलं होतं. कोल्हापूरच्या बाईंना सांगितलेल्या अळीच्या आतड्यात घडतं तेच इथे मैलोनमैल घडतं, शेवटची पायरी अर्धवट राहते.

* * *

घरचं दही आणि तांदळाचा कोंडा आंबवून तळ्यात टाकला तर अमोनिया जातो, असं शेजारी म्हणतात. — गुहागर, जि. रत्नागिरी

दह्यातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करत नाहीत, त्यांना ते येतच नाही. आंबवलेल्या कोंड्यातल्या कर्बोदकामुळे मोहोळच्या पत्रात सांगितलेली गुळाची वाट थोडी चालू होते, शेजाऱ्यांना गुण दिसला असेल तर त्याचा. दही वगळा. कोंडा आंबवून टाकायचाच असेल तर सकाळी ऊन पडल्यावर, एअरेटर चालू असताना, एका वेळी थोडा टाका. त्या दिवशी रात्री दोनला आणि पहाटे पाचला ऑक्सिजन मोजा. ४ पीपीएमच्या खाली गेला तर दुसऱ्या दिवशी काहीच टाकू नका.